अभिमानी कुणाला म्हणावे?

देगलूर ओलांडून मदनूरच्या रस्त्याला लागले की मराठी माणसाच्या हातातून एक शब्द निसटतो. ‘अभिमानी’ हा तो शब्द. आपल्याकडे अभिमानी म्हणजे ताठ मानेचा, सहसा न वाकणारा मनुष्य; हा शब्द आपण कधी कौतुकाने वापरतो, कधी नाक मुरडून. तेलुगूत, आणि तसे पाहिले तर कन्नडातही, अभिमानी म्हणजे ज्याचा जीव दुसऱ्या कुणावर जडला आहे असा मनुष्य. संस्कृतातला एकच शब्द दोन्ही घरी गेला. आपल्या घरी तो स्वतःकडे तोंड करून बसला, त्यांच्या घरी दुसऱ्याकडे. हैदराबादेत नटाच्या चाहत्यांच्या मंडळाला ‘अभिमान संघम्’ म्हणतात. नांदेड-सोलापूरचा पाहुणा अशी पाटी कुणाकडून वाचून घेतो, तेव्हा त्याला प्रथम वाटते की ही एखादी भाषाभिमान्यांची संघटना असावी!

ही गोष्ट वरवर गमतीची, पण दुभाषी मुलखातल्या घरांना चांगलीच ओळखीची. काचीगुडा, सुलतान बाजार या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांत घरची भाषा मराठी, गल्लीतली दख्खनी आणि मित्रमंडळींची तेलुगू. नातू म्हणतो, “मी चिरंजीवींचा अभिमानी आहे.” आजोबा विचारतात, “अरे, पण त्यात अभिमान बाळगण्यासारखे तू काय केलेस?” दोघेही आपापल्या भाषेत बिनचूक बोलत असतात. वाद मात्र रात्रीच्या जेवणापर्यंत चालतो.

या माणसासाठी मराठीत शब्द आहेत ते असे. ‘रसिक’ हा खुर्चीत बसतो, मान डोलावतो आणि खेळ संपला की घरी जातो. ‘चाहता’ हा वर्तमानपत्री शब्द. त्याला ना रंग ना गंध. ‘नादी लागला’, ‘खूळ भरले’ हे घरातल्या वडीलधाऱ्यांचे निवाडे. त्यातल्या त्यात ‘नाद’ हा शब्द मला मोलाचा वाटतो, कारण त्यात सूरही आहे आणि व्यसनही. पण यातल्या एकाही शब्दात बांधिलकी नाही. अभिमानी या शब्दात संघ आहे, वर्गणी आहे, जिल्हाध्यक्ष आहे, रात्रीचे जागरण आहे. आणि ‘आम्ही आहोत म्हणून तो आहे’ हा हक्कही आहे.

या अभिमान्याचे वर्ष कसे जाते ते पाहण्यासारखे आहे. त्याचे पंचांग निराळे असते. नटाचा वाढदिवस हा त्याचा पाडवा. चिरंजीवींचा २२ ऑगस्ट, महेश बाबूंचा ९ ऑगस्ट, पवन कल्याण यांचा २ सप्टेंबर, म्हणजे आपला श्रावण-भाद्रपद तिकडे असाही गजबजलेला. नवा चित्रपट लागायचा म्हटले की आरटीसी क्रॉस रोड्सच्या चौकात संध्या, देवी, सुदर्शन या चित्रगृहांसमोर नटाची तीन-चार पुरुष उंचीची चित्रे उभी राहतात. त्यांना हार चढतात, नारळ फुटतात, कापूर पेटतो, वरून दुधाचा अभिषेक होतो. पडद्यावर नाव झळकले की कागदाच्या कपट्यांचा असा पाऊस पडतो की पहिली पाच मिनिटे चित्र दिसतच नाही, आणि त्याचे कुणाला दुःखही नसते. चित्र पाहायला दुसरा खेळ असतोच. पूर्वी हिशेब शंभर दिवसांचा असे. कोणत्या गावी कोणता चित्रपट किती दिवस चालला, हे पोरे पाढ्यासारखे म्हणत. आता एकाच दिवशी शेकडो पडद्यांवर चित्रपट लागतो आणि तीन-चार आठवड्यांत उतरतो, म्हणून पाढा पहिल्या दिवसाच्या गल्ल्याचा झाला आहे. पाठांतर तेच, मजकूर बदलला.

हे सारे करणारा माणूस रिकामटेकडा असतो, हा आपला आवडता समज. प्रत्यक्षात तो शिंपीकाम करतो, रिक्षा चालवतो, औषधांच्या दुकानात बसतो, महाविद्यालयात शिकतो. तो रजा टाकतो, उधारी करतो, फलकाची वर्गणी गोळा करतो आणि तिचा हिशेबही ठेवतो. चिरंजीवींनी १९९८ साली हैदराबादेत रक्तपेढी सुरू केली, तिला रक्त दिले ते मोठ्या प्रमाणात याच पोरांनी. दूध ओतणारे हात आणि रक्त देणारे हात एकच. आपण दुधाची छायाचित्रे छापतो.

आता आपल्या विषयाकडे, म्हणजे या माणसाचे चित्रण कसे झाले याकडे वळू. हिंदीत ‘फॅन’चे सर्वांत लाडके चित्र म्हणजे हृषीकेश मुखर्जींचा ‘गुड्डी’ (१९७१). धर्मेंद्रवर जीव जडलेली शाळकरी मुलगी, तिला शहाणी करण्यासाठी प्राध्यापक मामांनी मांडलेला घाट, आणि स्वतः धर्मेंद्रची त्यात साथ. मुलीला चित्रनगरीत नेले जाते. पडद्यामागचे कष्ट, नकली मारामाऱ्या, रंग उडालेली माणसे दाखवली जातात आणि तिचे वेड उतरते. चित्रपट गोड आहे, जया भादुरी त्यात अप्रतिम आहे आणि मी तो कितीही वेळा पाहीन. पण त्यातले निदान मला पटत नाही. वेड अज्ञानातून येते, ज्ञान दिले की उतरते, हा तो मास्तरी समज. हैदराबादच्या अभिमान्यासमोर हा उपाय चालणार नाही, कारण मामा त्याला जे सांगणार ते त्याला आधीच ठाऊक असते. नटाचे मानधन, मारामारीत उडी घेणारा बदली माणूस, नैझाम विभागाचे हक्क कुणी कितीला घेतले (निजाम गेला, पण तेलुगू चित्रव्यवसायात तेलंगणाचे नाव आजही ‘नैझाम’ आहे), कोणत्या गाण्याची चाल कुठून उचलली, हे सारे त्याच्या जिभेवर असते. सगळे ठाऊक असून तो शीळ घालतो. प्रश्न खरा इथून सुरू होतो आणि ‘गुड्डी’ तिथपर्यंत जात नाही.

तिथपर्यंत जाणारा ग्रंथ इंग्रजीत आहे. एस. व्ही. श्रीनिवास यांचा ‘मेगास्टार’ हा चिरंजीवी आणि रामारावांनंतरचा तेलुगू चित्रपट यांवरचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, चाहत्यांच्या वागण्याला नुसती भक्ती म्हणून मोकळे होता येत नाही. त्यात बंडही आहे. अभिमान्याची निष्ठा अटींवर असते. नटाने कसे असावे याविषयी त्याच्या अपेक्षा असतात आणि त्या मोडल्या की तो रुसतो. श्रीनिवासांच्या या म्हणण्याला मला एक दाखला जोडावासा वाटतो. ‘रुद्रवीणा’ हा के. बालचंदर यांचा १९८८ चा चित्रपट. चिरंजीवींच्या घरचीच निर्मिती, राष्ट्रीय एकात्मतेचा पुरस्कार, इळैयराजांना संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार. आणि तिकीटबारीवर मात्र अपयश. सवर्ण गवयाचा मुलगा बापाच्या कर्मठपणाविरुद्ध उभा राहतो ही कथा भली होती, पण अभिमान्यांना हवा असलेला नाचणारा, लढणारा चिरंजीवी तिच्यात नव्हता. जाणकारांनी हळहळ व्यक्त केली. मीही केली असती. तरी एवढे कबूल करायला हवे की ज्याला आपण आंधळा भक्त म्हणतो त्याने इथे देवाला ‘नाही’ म्हटले होते. २००९ साली दुसऱ्यांदा म्हटले. २००८ मध्ये तिरुपतीला मोठ्या गर्दीसमोर प्रजाराज्यम पक्ष जाहीर झाला, आणि पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत त्याच्या पदरी १८ जागा पडल्या. रामारावांनी १९८२ च्या मार्चमध्ये पक्ष काढून १९८३ च्या जानेवारीत सत्ता घेतली होती, हे सर्वांच्या डोळ्यांपुढे होते. गर्दी जमवणारा प्रत्येक जण मत देतोच असे नाही, हे अभिमान्याने दाखवून दिले.

श्रीनिवासांच्या विवेचनात मला एक उणीव जाणवते. त्यांचा अभिमानी सदैव समूहात असतो, रस्त्यावर असतो. तो एकटा असताना काय करतो? तो तोच चित्रपट पुन्हा पाहतो. आपल्याकडे याला शब्द आहे: पारायण. ‘पोकिरी’ हा २००६ चा चित्रपट महेश बाबूंच्या वाढदिवसाला २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा लावला गेला, तेव्हा चित्रगृहात संवाद पडद्यावरून ऐकू येण्याआधी प्रेक्षकांतून येत होते. पोथी वाचणाऱ्याला पुढची ओवी माहीत असतेच. ती माहीत आहे म्हणूनच तो वाचतो. समीक्षकांनी एकदा पाहून लिहिलेल्या परीक्षणापेक्षा विसाव्यांदा पाहणाऱ्याला नटाच्या खांद्याची एक हालचाल अधिक कळलेली असते, असे मला वाटते. तो ती लिहून ठेवत नाही. आरशासमोर करून पाहतो.

इथे मराठी वाचक म्हणेल, हे सारे आंध्र-तेलंगणाचे. आपले प्रेक्षक असे नव्हते. मग बालगंधर्वांचे काय? त्यांच्या लुगड्याची नेसण, त्यांची नथ, अंबाड्यातली फुले घराघरांतल्या स्त्रियांनी उचलली, पुरुषांनी गंधर्व टोपी घातली. गंधर्वांचे आणि केशवराव भोसल्यांचे असे दोन तट पडले होते, आणि ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी दोघे ‘संयुक्त मानापमाना’त एकत्र आले, तेव्हा लोक तो सामना पाहायला गेले होते, नाटक नव्हे. ‘वन्स मोअर’ हा शब्द तर आपण इतका मुरवला की तो इंग्रजी आहे हे विसरलो. तेलुगू चित्रगृहात गाणे पुन्हा लावायला लावणारी पोरे तोच हक्क बजावतात. ‘मानापमाना’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी, १२ मार्च १९११ ला, गंधर्वांचे लहान मूल गेले आणि त्या रात्री ते रंगमंचावर उभे राहिले. ही कथा आपण धीरोदात्तपणाची म्हणून सांगतो. प्रेक्षकांना ते ‘अन्नदाते मायबाप’ म्हणत. कन्नडचे राजकुमार आपल्या चाहत्यांना ‘अभिमानी देवरु’, म्हणजे अभिमानी देव, म्हणत. देव कोण आणि भक्त कोण, याचा उलगडा या दोन संबोधनांनंतर अवघड होतो.

फरक आहे तो दुसरीकडे. ‘संयुक्त मानापमान’ हा खराखुरा मदतीचा खेळ होता. हैदराबादेत पहाटेच्या किंवा आदल्या रात्रीच्या खास खेळाला आजही ‘बेनिफिट शो’ म्हणतात. एके काळी अशा खेळाचे उत्पन्न एखाद्या सत्कार्याला किंवा संघाला जाई, त्यावरून पडलेले हे नाव. काम गेले, नाव राहिले. ४ डिसेंबर २०२४ च्या रात्री ‘पुष्पा २’च्या अशा खेळासाठी तेलंगण शासनाने तिकिटामागे ८०० रुपये वाढीव घेण्याची मुभा दिली होती. बेनिफिट कुणाचा, हे विचारायला समीक्षक लागत नाही.

‘पुष्पा’ आपल्याही मुलांचा. सीमेवरच्या गावांत तो तेलुगूत पाहतात, आत हिंदीत. आणि हिंदीत त्याच्या तोंडी आवाज आहे तो श्रेयस तळपदे या मराठी नटाचा. पहिल्या भागासाठी अल्लू अर्जुनना उत्कृष्ट अभिनेत्याचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, तेलुगू नटाला मिळालेले ते पहिलेच. खांदा एका बाजूला उचलून हनुवटीखालून हात फिरवणारी पोरे नांदेडच्या शाळेतही दिसली.

त्या रात्री संध्या चित्रगृहात नट स्वतः आले. गर्दी उसळली. चेंगराचेंगरीत एका आईचा जीव गेला आणि तिचा मुलगा कित्येक महिने रुग्णालयात राहिला. १३ डिसेंबरला नटाला अटक झाली, त्याच दिवशी उच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला, एक रात्र तुरुंगात काढून ते सुटले. मग दोन आठवडे सर्वत्र एकच चर्चा: दोष नटाचा, चित्रगृहाचा की पोलिसांचा. आणि अर्थातच ‘या वेड्या चाहत्यांचा’. हा शेवटचा आरोप मला सर्वांत सोयीचा वाटला, कारण त्याला उत्तर द्यायला कुणी पुढे येत नाही. गर्दी हवी म्हणून ज्यांनी महिनाभर ढोल पिटला, त्यांनीच ती आली म्हणून कपाळाला हात लावावा, हे काही शोभले नाही.

मुलाला त्या नटाचे वेड होते, असे तेव्हा वर्तमानपत्रांतून आले. म्हणून सारे कुटुंब गेले होते. ‘गुड्डी’त मामा आहेत, नियोजित वर आहे, धर्मेंद्र आहे. ‘मेगास्टार’मध्ये संघ आहे, नट आहे, पक्ष आहे. गंधर्वांच्या आठवणींतही पहिल्या रांगेतले शेठ-सावकार आहेत. यांपैकी कुठेही ती बाई नाही, जी महिन्याच्या खर्चातून तिकिटाचे पैसे बाजूला काढते, परीक्षा झाल्यावर नेईन असे कबूल करते, पोराचा तोच संवाद शंभरदा ऐकून घेते आणि गर्दीत त्याचा हात धरून उभी राहते. तिला अभिमानी म्हणावे तर ती संघात नाही, रसिक म्हणावे तर तिचे लक्ष पडद्याकडे नाही. तेलुगूत तिच्यासाठी शब्द आहे का, हे मी दोन-तीन जाणत्या मित्रांना विचारले. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, “अम्मा.”