कलम 41 मधला आडोसा

कायद्याचं रसग्रहण सहसा कुणी करत नाही. कायदा वाचायचा तो अंगावर आला की, आणि तोही वकिलाच्या तोंडून. पण 1894 च्या कारागृह अधिनियमातलं कलम 41 मी पुन्हापुन्हा वाचतो, ते त्यातल्या एका अटीसाठी.

कलम छोटंसं आहे, दोन पोटकलमांचं. बंद्याला भेटायला आलेल्या माणसाचं नाव-गाव तुरुंगाधिकारी विचारू शकतो. संशयाला जागा असेल तर त्याची झडती घेऊ शकतो किंवा घ्यायला लावू शकतो. पण ही झडती कुठल्याही बंद्याच्या देखत किंवा मुलाखतीला आलेल्या दुसऱ्या कुणाच्या देखत घ्यायची नाही. दुसरं पोटकलम सांगतं की, त्या माणसाने झडतीला नकार दिला तर त्याला आत सोडायचं नाकारता येतं. मात्र तसं का केलं, ते तपशिलासह नोंदवून ठेवायचं.

त्या ‘देखत’वर मी थांबतो. शिरूर किंवा दौंडच्या न्यायालयात न्यायालयीन कोठडी सुनावली गेली की पोराची रवानगी बहुधा येरवड्याला होते. मग आईची फेरी सुरू होते. शिरूरची असेल तर नगर रस्त्याने रांजणगाव, शिक्रापूर, कोरेगाव भीमा, वाघोली करत एसटीने. दौंडची असेल तर केडगाव, यवत, उरुळी मागे टाकत रेल्वेने. कनवटीला घडी केलेल्या नोटा, कमरेला चंची. झडती घेणाऱ्या बाईचा हात कनवटीवर येतो, चंची उघडली जाते, तंबाखूची पुडी बाहेर निघते. आत तंबाखूला बंदी आहे हे म्हातारीला कुणी सांगितलेलंच नसतं. हे सगळं लेकाच्या डोळ्यांसमोर घडलं, तर आपल्यापायी आईला हात वर करून उभं राहावं लागलं हे तो कोठडीत किती रात्री उगाळत बसेल! रांगेत मागे उभी असलेली बाई तिच्याच तालुक्याची निघाली, तर आठवडी बाजारापर्यंत ही गोष्ट तिच्याआधी पोचेल. कलम 41 ने हे दोन्ही प्रसंग आधीच ओळखले आणि मध्ये आडोसा उभा केला. संशय घ्यायचा अधिकार पुरता दिला. त्या संशयाचा तमाशा करायचा अधिकार मात्र दिला नाही. परक्या सरकारने, आपल्याच लोकांना कोंडण्यासाठी केलेल्या कायद्यात हे सापडावं, याचं मला अजून नवल वाटतं.

नकाराची सोयही तशीच नेमकी. झडती नको म्हणणाऱ्यावर जबरदस्ती नाही, फक्त दार बंद. आणि दार बंद करणाऱ्याला कारण लिहावं लागतं. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांत 60 वा नियम जवळजवळ हेच सांगतो: भेटणाऱ्याची संमती हवी, ती त्याला केव्हाही मागे घेता येते, आणि तसं झालं तर प्रवेश नाकारता येतो. मध्ये 121 वर्षं गेली आहेत.

शेजारचं कलम 44 ही वाचण्याजोगं आहे. आत काय नेऊ नये आणि नेलं तर काय शिक्षा, याची सूचना तुरुंगाबाहेर दर्शनी जागी, इंग्रजीत आणि देशी भाषेत लावायची. आधी सांगायचं, मग तपासायचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी फाटकावरच्या शिपायाने ती सूचना तोंडी सांगावी, एवढी भर मी त्यात घातली असती.

पण याच अधिनियमाचं कलम 24 वाचलं की मन खट्टू होतं. तुरुंगात दाखल होणाऱ्या प्रत्येक बंद्याची झडती बंधनकारक. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची. हे योग्यच आहे. पण भेटणाऱ्याला दिलेला आडोसा इथे नाही. कुणासमोर झडती घ्यायची नाही, याबद्दल हे कलम काहीच बोलत नाही. मंडेला नियमांनी ही उणीव भरून काढली: कपडे उतरवून घ्यायची झडती अगदी गरज असेल तरच, एकांतात, प्रशिक्षित आणि बंद्याच्याच लिंगाच्या कर्मचाऱ्याकडून, आणि कुणी, का घेतली, काय सापडलं याची नोंद.

पोलिस कोठडीत तर गळफासाच्या भीतीने पट्टा, नाडी, करदोडासुद्धा काढून घेतात. लहानपणापासून कमरेला असलेला करदोडा निघतो तेव्हा माणूस कावराबावरा होतो. म्हणून काढून घेतलेल्या वस्तूंची पावती त्याला द्यायची, ही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 49 मधली तरतूद मला मोलाची वाटते. त्या कागदामुळे काढलेली वस्तू आपलीच राहते.

झडती हे हातांचं कसब आहे. नुसतं थोपटत गेलं तर काही सापडत नाही. कापड बोटांच्या चिमटीत धरून दाबत जावं लागतं, कारण सिमकार्ड किंवा ब्लेडचा तुकडा कॉलरच्या घडीत, नेफ्यात, चपलेच्या तळव्यात बसतो. वरून खाली, एकच क्रम, तो मोडायचा नाही. खिसे ज्याचे त्याने रिकामे करायचे. पुढे काय करणार ते आधी सांगायचं. असा हात चोख असतो आणि तो उगाच रेंगाळत नाही. अशा झडतीत अपमान कमी होतो, शिवाय सुरक्षाही वाढते. हडेलहप्पी करणारा माणूस समोरच्याला घाबरवण्यात गुंततो आणि नेफा तपासायचा राहून जातो.

महाराष्ट्राच्या कारागृहांत ‘गळाभेट’ नावाचा उपक्रम झाला. काच नाही, जाळी नाही. बंद्याने आपल्या लेकरांना प्रत्यक्ष कुशीत घ्यायचं. झडती नीट झाली याची खात्री असते तेव्हाच ही काच काढता येते. फाटकावरच्या त्या चोख हातांमुळे एका पोराला बापाच्या मांडीवर बसता येतं, हे झडतीवर बोलताना फार थोडे लोक लक्षात घेतात.

मूळ कलम 42 मध्ये चोरून वस्तू नेण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 200 रुपयांपर्यंत दंड होता, किंवा दोन्ही. केंद्राच्या 2023 च्या आदर्श अधिनियमात मोबाइलसाठी ती कैद तीन वर्षांपर्यंत गेली. डिसेंबर 2024 मध्ये महाराष्ट्राचं स्वतःचं विधेयकही मांडलं गेलं. शिक्षा वाढल्याची मला तक्रार नाही. माझं मागणं एवढंच आहे की नव्या व्यवस्थेतले झडतीचे नियम लिहिताना जुनं कलम 41 समोर उघडं असावं, आणि त्यातली ‘देखत नाही’ ही अट या वेळी बंद्यालाही लागू करावी.