तगादा ऐकणारे कान : साने गुरुजींच्या हळवेपणाचे फेरवाचन

साने गुरुजींविषयी मराठीत दोनच सूर लागतात. एक आरतीचा, दुसरा टिंगलीचा. आरती म्हणणारे त्यांना 'मातृहृदयी' म्हणतात, जयंतीला हार घालतात आणि पुस्तक पुन्हा कपाटात ठेवतात. टिंगल करणारे 'रडवे साहित्य' एवढे दोन शब्द उच्चारून मोकळे होतात. दोघांचे भांडण दिसते तेवढे खोल नाही. अश्रू हा माणसाचा कमकुवतपणा आहे, हे दोघांनाही मान्य आहे. एकजण तो माफ करतो, दुसरा करत नाही, एवढेच.

या लेखात मला वेगळा प्रश्न विचारायचा आहे. गुरुजींच्या हळवेपणाने काम काय केले? त्यामुळे त्यांना असे काय दिसले, जे त्यांच्या काळातल्या धडधाकट मनाच्या लेखकांना दिसले नाही? आणि तो हळवेपणा कुठे उपयोगी पडला, कुठे पडला नाही?

हा प्रश्न आज काढण्याला कारण आहे. गेल्या काही वर्षांत 'अतिसंवेदनशील व्यक्ती' हा शब्दप्रयोग मराठीत रुळू लागला आहे. त्याचे मूळ अमेरिकी मानसशास्त्रज्ञ इलेन एरन यांच्या १९९६ च्या पुस्तकात आहे. काही माणसे आवाज, वेदना, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचा बदल हे सारे इतरांपेक्षा अधिक टिपतात आणि टिपलेले अधिक खोलवर घोळवतात. हा आजार नसून स्वभावाचा एक प्रकार आहे, अशी त्यांची मांडणी. शंभरात पंधरा-वीस माणसे अशी असतात, असा त्यांचा अंदाज होता. पुढे जे बेल्स्की, मायकेल प्लुएस आदी अभ्यासकांनी त्यात महत्त्वाची भर घातली. अशी माणसे वाईट परिस्थितीत इतरांपेक्षा जास्त कोसळतात, हे तर खरेच. पण चांगला आधार मिळाला तर त्याचा लाभही तीच जास्त घेतात. बाजारातल्या प्रेरणादायी पुस्तकांनी यातले पहिले अर्धे सोडून दिले आणि 'हळवेपणा हीच तुमची ताकद' असा फलक लावला. संशोधनातली 'आधार मिळाला तर' ही अट त्या फलकावर मावत नाही, आणि माझ्या मते सगळे मर्म त्या अटीतच आहे.

आपल्या काव्यशास्त्राला ही गोष्ट अगदी अपरिचित नव्हती. अभिनवगुप्ताचा 'सहृदय' म्हणजे ज्याच्या मनाचा आरसा काव्याच्या अभ्यासाने स्वच्छ झाला आहे असा वाचक. हळवेपण जन्मजात असेल, पण सहृदयता कमवावी लागते, असा याचा अर्थ मी घेतो.

आता 'श्यामची आई'कडे येऊ. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत गुरुजींनी या पुस्तकाचा बहुतेक भाग लिहिला. ते प्रसिद्ध झाले १९३५ साली. तो काळ फडके-खांडेकर वादाचा. कला कलेसाठी की जीवनासाठी, यावर मराठी लेखक हिरिरीने भांडत होते. गुरुजी त्या वादात कुठेच बसत नाहीत. पुढे नवसाहित्य आले, संयमित आणि धारदार अभिव्यक्ती हे मोठ्या साहित्याचे लक्षण ठरले आणि भावविवशता हा समीक्षेच्या कोर्टातला सर्वांत मोठा गुन्हा झाला. गुरुजींवर खटला चालवण्याचीही कुणाला गरज वाटली नाही.

ज्यांनी हे पुस्तक फक्त लहानपणी वाचले आहे त्यांनी ते पन्नाशीत एकदा वाचावे. आठवणीतली आई आणि पानावरची आई यांत बरेच अंतर आहे. पोहायला जायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला ही आई शिंपटीचा मार देत बाहेर काढते. पोराला लोकांनी भित्रा म्हटलेले तिला खपत नाही. मग तिलाच वाईट वाटते, ती त्याला जवळ घेते. पण विहिरीत उडी मारून झाल्यावर, आधी नाही. न उमललेल्या कळ्या तोडल्या म्हणून मुलाला समजावणारी आणि भीतीपोटी दडून बसला म्हणून मारणारी, अशी ही एकच बाई आहे. कोवळेपणा आणि भेकडपणा या दोन गोष्टी ती कधीही एक मानत नाही. हा फरक मुलाला शिकवणे हे या पुस्तकाचे खरे शिक्षण आहे, असे मला वाटते. आपण शाळेत मात्र फक्त कळ्यांचा भाग शिकवतो.

दुसरी गोष्ट कर्जाची. हे पुस्तक आईचे म्हणून ओळखले जाते, पण त्याचा उत्तरार्ध सावकारी कर्जाने पोखरलेल्या घराचा आहे. एका प्रकरणाचे नावच 'कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक' असे आहे. पुढच्या प्रकरणांची नावेही ओळीने पाहावीत : 'वित्तहीनाची हेटाळणी', 'तेल आहे, तर मीठ नाही!', 'अब्रूचे धिंडवडे'. एकेकाळी खोताचा मान असलेले घर भाऊबंदकीत आणि व्याजात बुडत जाते. वसुलीला आलेला माणूस ओटीवर बसून घरधन्याला वाटेल ते बोलतो, आणि ती आजारी, काटक बाई आतून बाहेर येऊन त्याला चालते व्हायला सांगते. अखेर घराच्या जप्तीची दवंडी गावभर पिटली जाते.

त्यात व्याजाचे दर आणि गहाणखताचे तपशील फारसे नाहीत. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला तिथे थोडेच हाती लागेल. त्यात आहे ते वेगळे : तगाद्याचा आवाज घरात कसा शिरतो, ओटीवरचे बोलणे माजघरात कसे ऐकू येते, नवऱ्याचा अपमान बायको कुठे साठवते, आणि ते सारे एक लहान मुलगा कोपऱ्यातून कसे पाहतो. या नोंदी घेणारे कान हळवे होते म्हणूनच त्या घेतल्या गेल्या. जाड कातडीच्या लेखकाने तिथे सावकाराचे व्यक्तिचित्र रंगवले असते आणि तो पुढे गेला असता. म्हणून मी गुरुजींच्या हळवेपणाला निरीक्षणाचे साधन म्हणतो. त्याला 'भावना' म्हणून बाजूला टाकले, की साधनही टाकले जाते.

इथे मला माझ्या भागाविषयी बोलावे लागेल. किनवट तालुका हैदराबाद संस्थानात आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. 'श्यामची आई' निघाले तेव्हा इथे निजामाचा अंमल होता आणि सरकारी शिक्षण उर्दूत होते. कोकणातल्या खोताघरचा नारळी-पोफळीचा परिसर इथल्या मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी आणि गोरमाटी बोलणाऱ्या माणसाला परकाच. पण तगादा? तो इथे कुणालाही समजावून सांगावा लागत नाही.

शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात सरकारी मदत द्यायची की नाही, हे आपल्याकडे जिल्हा पातळीवरील समिती ठरवते. नापिकी, कर्जबाजारीपणा, कर्जफेडीचा तगादा ही त्यातली कारणे. ती कागदावर सिद्ध झाली तर प्रकरण 'पात्र', नाहीतर 'अपात्र'. पात्र घराला एक लाख रुपये. 'तगादा' हा शब्द तिथे आहे, हे विशेष. पण त्या कागदाच्या बाहेर, पारावर, वेगळाच निकाल लागलेला असतो : 'त्यानं मनाला लावून घेतलं.' वरवर सहानुभूतीचे वाटणारे हे वाक्य मला फार कठोर वाटते. त्यात कर्ज देणारा नाही, भाव नाही, पाऊस नाही, ओटीवर बसून बोलणारा माणूस नाही. आहे ते फक्त गेलेल्याचे हळवे मन. जणू तेवढे एक मन घट्ट असते तर बाकी सगळे ठीकच होते.

'रडवे साहित्य' आणि 'मनाला लावून घेतलं' हे एकाच जातीचे शेरे आहेत. दोन्हींत जखमेऐवजी कातडीची तपासणी होते. 'श्यामची आई'तली कर्जाची प्रकरणे आपण मातृभक्तीच्या नावाखाली वाचायची सोडली नसती, तर पारावरची आपली भाषा थोडी निराळी झाली असती का, हा विचार माझ्या मनात वारंवार येतो.

गुरुजींची साहित्यिक वकीलपत्रे मात्र मला सगळीच घ्यायची नाहीत. त्यांच्या लेखनात पुनरुक्ती भरपूर आहे. एक प्रसंग सांगून झाला की त्यावर प्रवचन येते आणि प्रसंगाने मिळवलेले प्रवचनात खर्ची पडते. उद्गारचिन्हांना तर धरबंद नाही. आईचा त्याग इतका सहज गृहीत धरला जातो, की आजच्या वाचक स्त्रीने तिथे पुस्तक मिटले तर मी तिला दोष देणार नाही. आणखी एक गोष्ट आहे. 'देवाला सारी प्रिय' या प्रकरणात आई श्यामला एका वृद्ध महार स्त्रीची पडलेली मोळी उचलून तिच्या डोक्यावर द्यायला पाठवते, आणि घरी आल्यावर आंघोळ कर, असेही सांगते. ती आंघोळ फार बोलकी आहे. हळवेपण मोळीपर्यंत पोहोचले. विटाळाच्या पलीकडे गेले नाही. १९३३ साली लेखकाने ती गोष्ट झाकली नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा.

त्या आंघोळीपासून गुरुजी किती दूर गेले, ते पंढरपुरात दिसते. पण त्याआधी धुळ्याच्या तुरुंगाचा थोडा उल्लेख हवा. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात विनोबांनी तिथे दर रविवारी गीतेवर प्रवचन दिले, एकूण अठरा. ती टिपून घेतली गुरुजींनी. आज 'गीता प्रवचने' म्हणून जगभर वाचला जाणारा ग्रंथ त्या टिपणीतून उभा राहिला. दुसऱ्याचे शब्द त्याच्या लयीसकट कानात साठवणे ही साधी लेखनिकी नव्हे. रडणारे गुरुजी सर्वांना ठाऊक आहेत, ऐकणाऱ्या गुरुजींकडे फारसे कुणी पाहिले नाही. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी आईचे शब्द उतरवले, ते याच कानांनी ऐकलेले.

पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४६ च्या अखेरीस गुरुजींनी प्राणांतिक उपोषणाचा निश्चय जाहीर केला. आधी लोकमत जागे करा, असे म्हणून सेनापती बापट यांनी त्यांना थांबवले. मग गुरुजी काही महिने महाराष्ट्रभर हिंडले. सेवादलाचे कलापथक सोबत होते. सभा झाल्या, गावोगावची अनेक मंदिरे आणि पाणवठे खुले झाले. १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झाले. ते सोडावे, असा खुद्द गांधीजींचा निरोप आला, तरी गुरुजी ढळले नाहीत. ग. वा. मावळंकर यांची मध्यस्थी झाली, बडव्यांकडून मान्यता आली आणि १० मे रोजी उपोषण सुटले.

या घटनेकडे आपण एका संतहृदयाचा विजय म्हणून पाहतो. मला त्यातली व्यवस्था जास्त महत्त्वाची वाटते. बापटांनी दौऱ्याचा आग्रह धरला नसता तर? कलापथकाच्या पोरांनी गावोगाव डफ वाजवला नसता तर? गावात इतर दारे बंद असताना एका मठाने जागा दिली नसती तर? त्या हळव्या माणसाभोवती त्याच्याशी वाद घालणारे वडीलधारे होते, बरोबर चालणारे तरुण होते आणि डोळ्यांपुढे एक नेमके बंद दार होते. तिथे त्याच स्वभावाची ताकद झाली. मघाशी जी 'आधार मिळाला तर' ही अट सांगितली, ती हीच.

अट सुटली तर काय होते, तेही याच आयुष्यात आहे. गांधीजींच्या खुनानंतर गुरुजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ ला 'साधना' साप्ताहिक सुरू केले. भारतीय भाषांनी एकमेकींना शिकावे म्हणून आंतरभारतीची कल्पना मांडत ते फिरले. आणि ११ जून १९५० रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. त्याची कारणे सांगणारे बरेच लिहिले गेले आहे; त्यात मी भर घालणार नाही, कारण अशा मृत्यूला एक कारण चिकटवणे म्हणजे पारावरचा निकाल ग्रंथात छापणे. मला आक्षेप आहे तो दोन वाचनांवर. 'शेवटी हळवाच निघाला' म्हणणारे तुरुंग, पंढरपूर आणि दोन तपांचे काम एका दिवसाने खोडून टाकतात. 'देशासाठी बलिदान' म्हणणारे त्या मृत्यूला हार घालतात, आणि असा हार दुसऱ्या कुणा थकलेल्या माणसाच्या नजरेस पडणे मला धोक्याचे वाटते. या दोघांपैकी कुणीही हे विचारत नाही, की स्वातंत्र्यानंतर त्या माणसाभोवती पंढरपूरच्या वेळेसारखे वाद घालणारे, थांबवणारे, रोज बरोबर चालणारे किती उरले होते. बंद दार एकच नव्हते आता; सगळा देशच दार झाला होता.

हळवेपणाला ताकद म्हणून मिठी मारा, असे सांगणाऱ्या पुस्तकांशी माझे भांडण इथे येते. ती पुस्तके एकट्या वाचकाशी बोलतात. गुरुजींच्या बाबतीत एकट्याने मारलेली मिठी कुठेच पुरली नाही.

विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत शासनाने काही वर्षांपूर्वी 'प्रेरणा' नावाने शेतकरी समुपदेशनाचा प्रकल्प सुरू केला. त्यात आशाताईंनी घरोघर जाऊन झोप, जेवण, बोलणे-चालणे यांची विचारपूस करायची आणि काळजी वाटावी अशा माणसाला दवाखान्यापर्यंत न्यायचे, असे काम ठरले. आशाताई गावातलीच बाई असते. कोण कुणाचे देणे लागतो, कुणाच्या घरी चूल उशिरा पेटते, हे तिला माहीत असते. तिला मानधन तुटपुंजे, नोंदवह्या ढीगभर आणि डोक्यावर इतर दहा कामे. तिच्या फॉर्मवर रकाने आहेत. पण उंबऱ्यात बसून तिला घरातले जे ऐकू येते, त्यातले बरेचसे त्या रकान्यांत बसत नाही. ते 'वित्तहीनाची हेटाळणी' या प्रकरणात बसते.