दुःखाचे दृश्यमूल्य
शहापूर तालुक्यातील डेंगणमाळच्या ‘पाणीवाल्या बायका’ २०१५ साली वृत्तमाध्यमांत गाजल्या. पाण्यासाठी केलेले दुसरे-तिसरे लग्न विलक्षण प्रथा म्हणून चितारले गेले. मुंबईची तहान भागवणारी भातसा, तानसा ही धरणे याच तालुक्यात आहेत, हा विरोध बहुधा चौकटीच्या कडेलाच राहिला. कारण हरवले की दुःखाचे केवळ दृश्य उरते.

नयनतारा सहगल यांचे निमंत्रण रद्द झाल्यावर, २०१९ साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नी वैशाली येडे यांनी केले. तेथेही करुणेच्या प्रदर्शनाचा धोका होताच. परंतु त्या बोलल्या आणि बघ्यांना श्रोते व्हावे लागले. दुःखकथा कुतूहल शमवते की विवेक जागवते, हे दुःखाच्या तीव्रतेवर नव्हे, तर निवेदनाचा अधिकार कोणाकडे आहे यावर ठरते.