शून्याला कितीही मोठ्या संख्येने गुणा

शहरी वाहतुकीवर काम करायचं ठरलं की गाईड आधी इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिका वाचायला लावतात. आयआरसी १०६ (१९९०) मधला पीसीयूचा तक्ता तर पाठच होतो. मोटार १, सायकल ०.४ ते ०.५, दुचाकी ०.५ ते ०.७५, बस किंवा ट्रक २.२ ते ३.७, हातगाडी २ ते ३. मोटारीच्या तुलनेत हे वाहन रस्त्यावर किती अडतं, एवढंच हा आकडा सांगतो. रस्त्याची क्षमता काढायला तो ठीकच आहे. पण ५० माणसं नेणारी बस ३.७ आणि एकेक माणूस बसलेल्या चार मोटारी ४, म्हणजे कागदावर जवळपास सारख्याच! आणि फुटपाथवर जागा नाही म्हणून डांबरावरून चालणारा माणूस? तो जागा व्यापतो, पण तक्त्यात त्याची ओळच नाही.

पादचाऱ्यांसाठी आयआरसी १०३ आहे. तिथलं पीव्ही स्क्वेअर हे सूत्र प्रबंधांत फार वापरलं जातं. गर्दीच्या तासात रस्ता ओलांडणारी माणसं गुणिले वाहनसंख्येचा वर्ग. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर गुणाकार १० कोटींपुढे गेला, दुभाजक असेल तर २० कोटींपुढे, की नियंत्रित क्रॉसिंग द्यायचं. दुभाजक नसताना तासाला १००० वाहनं असतील तर १०० माणसं लागतात. २००० वाहनं असतील तर २५ पुरतात. वाहनं वाढली की माणसांची अट सैल होते, म्हणजे सूत्र तसं समंजस आहे.

माझी तक्रार मोजणीबद्दल आहे. माणसं मोजायची कुठे, तर जिथे आज ओलांडताच येत नाही तिथेच! दुभाजकावर रेलिंग असेल तर ओलांडणारे शून्य, मग वाहनं कितीही असोत, उत्तर शून्यच. आजी समोरच्या दवाखान्यात जायचं सोडून देतात, मुलाला शाळेत सोडायला कुणीतरी गाडी काढतं. म्हणजे पी कमी झाला आणि व्ही वाढला. या आकड्यावरून ‘मागणी नाही’ असा निष्कर्ष काढणं मला तरी पटत नाही. शिवाय ‘गर्दीचा तास’ बहुतेकदा वाहनांचा धरतात, शाळा भलत्याच वेळी सुटते.

गंमत म्हणजे त्याच मार्गदर्शिकेत थांबावं लागण्याचा वेळ, वाहनांचा वेग आणि अपघातांची नोंद हे निकषही आहेत. ते फारसे वापरले जात नाहीत. डोकी मोजणं सोपं, तिष्ठत राहणं मोजणं कंटाळवाणं. पण तुम्ही फील्डवर जाणार असाल तर तेच करा. माणूस कडेला किती सेकंद उभा राहिला, किती मोकळ्या फटी त्याने सोडून दिल्या, किती जण परत फिरले, पुढच्या चौकापर्यंत वळसा किती पडला. सोबत आसपासच्या घरांत आणि दुकानांत विचारा, पलीकडे कुणाला एकटं पाठवत नाही? हा प्रश्न तुमच्या काउंट शीटवर मावणार नाही, त्यासाठी वेगळा कागद ठेवा.

व्हिडिओवरून आपोआप मोजणार असाल तर आधी निदान एक तास हाताने मोजून ताडून बघा. घोळक्यात माणसामागे माणूस झाकला जातो आणि सॉफ्टवेअर दोघांना एकच धरतं. म्हणजे गर्दी जास्त तिथेच पी कमी भरतो.