उसना जीव : ‘कॉन्ट्रा’ या खेळाचा आस्वाद

दिवाळी अंकात परीक्षण यायचे ते कादंबरीचे, नाटकाचे, फार तर चित्रपटाचे, असा आपल्याकडे संकेत आहे. तो मोडून मी आज एका खेळाविषयी लिहिणार आहे. आणि तोही मैदानावरचा नव्हे, टीव्हीच्या काचेवरचा. ‘कॉन्ट्रा’ हे त्याचे नाव. आज तिशी-चाळिशी ओलांडलेल्या पुष्कळ वाचकांच्या अंगठ्यांना हे नाव वाचताच चाळा सुटेल, आणि ‘पिक्चर ट्यूब जाईल मेल्यांनो’ हा आपलाच आरडाओरडा त्यांच्या मातोश्रींना आठवेल. दोघांचीही क्षमा मागून मी एवढेच विचारतो की, ज्यात धड कथा नाही, पात्रांना चेहरे नाहीत आणि एका गोळीसरशी नायक मरतो, अशा खेळाने एका पिढीला इतके वेड का लावावे?

जपानच्या कोनामी कंपनीने हा खेळ १९८७ साली नाणे टाकून खेळायच्या यंत्रासाठी काढला आणि १९८८ साली निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रासाठी त्याची निराळी आवृत्ती केली. आपल्याकडे रुळली ती ही दुसरी आवृत्ती, आणि तीही आडवाटेने. निन्टेन्डोच्या यंत्राच्या स्वस्त नकला १९९०च्या दशकात गावोगाव पोचल्या. एकाच कॅसेटमध्ये हजारो खेळ असल्याची जाहिरात असे. प्रत्यक्षात तेच थोडे खेळ नावे बदलून फिरून फिरून येत. आमच्या नांदगाव खंडेश्वरलाही ‘टीव्ही गेम’ आला तो असाच. कापूस विकून हाती चार पैसे आले की कुणाच्या तरी घरी तो यायचा, आणि दिवाळीच्या सुटीभर त्या घराच्या दाराशी चपलांचा ढीग पडायचा. ज्यांनी तो रचला त्या जपानी कारागिरांना आमच्या या प्रेमातून पैदेखील मिळाली नाही, हेही येथेच नोंदवून ठेवले पाहिजे.

आता कथेविषयी. मूळ जपानी कथेत काळ २६३३ सालचा, स्थळ न्यूझीलंडजवळचा एक द्वीपसमूह, नायक बिल आणि लान्स, आणि शत्रू परग्रहावरचा. अमेरिकेत खेळ विकताना तीच कथा वर्तमानकाळात ओढून अ‍ॅमेझॉनच्या अरण्यात नेऊन ठेवली. कथा अशी एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवावी आणि खेळाच्या केसालाही धक्का लागू नये, यावरूनच तिचे मोल ठरते. आमच्या पोरांना तर ती ठाऊकच नव्हती. एक निळ्या विजारीचा, एक तांबड्या विजारीचा. तेवढ्या ओळखीवर त्यांचे भागत असे.

या खेळाचे सौंदर्य आहे ते त्याच्या लयीत. बा. सी. मर्ढेकरांनी लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी तत्त्वे मांडली. ती त्यांनी कवितेसारख्या गंभीर कलांसाठी मांडली खरी; पण चांगले तत्त्व कोणत्याही घरी पाहुणे म्हणून जायला लाजत नाही. ‘कॉन्ट्रा’त नायक उजवीकडे धावतो, त्याच्यासंगे पडदा सरकतो, आणि सरकलेला पडदा मागे येत नाही. धाव, उडी, गोळी, लोळण, पुन्हा धाव, अशी पावलांची एक चाल बसते, हा संवाद. चाल अंगात मुरते न मुरते तोच पायाखालचा पूल एकेक तुकडा करून उडू लागतो, किंवा तिसऱ्या टप्प्यात आडवी धाव संपून धबधब्यावर उभी चढण सुरू होते, हा विरोध. आणि समतोल दिसतो तो शस्त्रांत. ‘एस’ अक्षराचे शस्त्र पंख्यासारख्या पाच गोळ्या फेकते, म्हणून ते सर्वांचे लाडके. ‘एल’चा किरण जबर आहे, पण उतावळेपणाने पुन्हा बटण दाबले की आधीचा किरण अर्ध्यातच विरतो; धीराच्या माणसालाच तो फळतो. पाण्यात बुडी मारली तर गोळी लागत नाही, पण तेथून गोळी झाडताही येत नाही. प्रत्येक वरदानाला येथे एक अट जोडलेली आहे.

आणि हा खेळ न्यायी आहे. एक गोळी लागली की मरण, आणि कमावलेले शस्त्रही गेले. परंतु तोफ काल जेथे होती तेथेच आज असते, पूल काल उडाला तेथेच आज उडतो. म्हणजे मरणारा दर मरणागणिक काही तरी शिकून उठतो. वर्गात पाढे म्हणताना अडखळणारी मुले या खेळाचे आठ टप्पे मुखोद्गत करीत, याचे मला शिक्षक म्हणून वैषम्य वाटण्याऐवजी कुतूहलच वाटत आले आहे. शिवाय खेळ अर्ध्यावर राखून ठेवायची सोय नाही. वीज गेली की पुन्हा पहिल्या अरण्यापासून आरंभ. भारनियमनाच्या वऱ्हाडात याचा अर्थ काय होत असेल, तो वाचकांना सांगायला नको. सराईत खेळाडू सारा खेळ अर्ध्या तासाच्या आसपास संपवतो.

परंतु एवढ्याने वेड लागत नाही. माझ्या मते या खेळाचे मर्म एका लहानशा नियमात आहे. दोघे खेळत असताना एकाचे तिन्ही जीव संपले आणि दुसऱ्याकडे शिल्लक असले, तर पहिल्याला एक बटण दाबून सोबत्याचा जीव घेता येतो. मेलेला गडी उठवणे आपल्याला नवे नाही. हुतूतूच्या संजीवनी प्रकारात समोरचा गडी बाद केला की आपला एक गडी जिवंत होतो. पण तेथे संजीवनीची किंमत शत्रू देतो. येथे ती मित्राच्या खिशातून जाते. आणि गंमत अशी की यंत्र त्या मित्राची परवानगी विचारीत नाही. ती विचारायची असते सतरंजीवर, तोंडाने. ‘माही संपली बे, तुही एक लाइफ घेऊ का?’ या प्रश्नाला काय उत्तर मिळते, यावर पुढच्या आठवड्याची मैत्री ठरत असे. कुणी न विचारता बटण दाबी आणि रिमोटची ओढाओढ होई. कुणी आपला शेवटचा जीव देऊन टाकी. धबधब्याच्या टप्प्यात तर परीक्षा याहून कडक. वर चढणारा घाई करू लागला की पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो आणि खाली राहिलेला सोबती, शत्रूची गोळी न लागताच, मरतो. आपल्या पुढे जाण्याने मागचा मरतो, हे इतक्या थोडक्यात सांगणारा प्रसंग कादंबरीत रचायचा म्हटला तर मला पन्नास पाने लागतील.

याच कसोटीवर मी त्या प्रसिद्ध ‘तीस जीवां’च्या युक्तीला कमी लेखतो. वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए, हा तो मंत्र. काझुहिसा हाशिमोतो या कोनामीच्या कारागिराने ‘ग्रेडियस’ नावाचा दुसरा खेळ १९८६ साली घरगुती यंत्रावर आणताना तपासणीच्या सोयीसाठी त्याला जन्म दिला. हाशिमोतो २०२० साली निवर्तले. मंत्र अजून जिवंत आहे. तो पाठ असणाऱ्या मुलाला गल्लीत मांत्रिकाचा मान असे. पण तीस जीव असणाऱ्याकडून एक मागण्यात मागणाऱ्याला संकोच नाही आणि देणाऱ्याला त्याग नाही. खेळ सोपा होतो आणि सोबत स्वस्त होते.

दोष सांगितल्याखेरीज परीक्षण पुरे होत नाही. येथे शत्रू मरतो तो ठिणगी विझावी तसा. त्याच्यासाठी कुणी रडत नाही, आणि खेळणाऱ्याला रडावेसे वाटत नाही. हा वीररस करुणेचा स्पर्श नसलेला, म्हणून अपुरा आहे. ज्या महाभारतावर आपण वाढलो त्यात युद्धानंतर स्त्रीपर्व येते; ‘कॉन्ट्रा’त शेवटच्या राक्षसाचे हृदय फुटले की बेट उडते आणि नावे झळकतात. ‘मुले यातून मारामारी शिकतील’ ही पालकांची भीती मला अतिरिक्त वाटते, पण त्या भीतीमागची अस्वस्थता मी खोटी म्हणणार नाही.

तरीही आजच्या मोबाइलवरच्या खेळांशी तुलना करता माझा कौल ‘कॉन्ट्रा’कडेच जातो. त्यांतल्या पुष्कळ खेळांना शेवट नाही आणि जीव संपला तर तो पैसे मोजून विकत मिळतो. सोबतीही असतात, परंतु ते कुठे बसले आहेत हे ठाऊक नसते. माझ्या वर्गातली मुले एका बाकावर बसून चार निरनिराळ्या पडद्यांत बघतात, तेव्हा मला ती एका रिमोटवरची ओढाओढ बरी वाटते.

कोनामीने २०१९ साली जुने ‘कॉन्ट्रा’ खेळ एकत्र करून पुन्हा विक्रीस आणले. तेव्हा आता ते सरळ मार्गाने, कारागिरांच्या कंपनीला मोल देऊन खेळता येतात. फराळ झाल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांनी एकदा मुलांशेजारी बसून पाहावे. तीस जीवांचा मंत्र मात्र सांगू नये. तीनच जीव घ्यावेत, आणि पोराने ‘बाबा, तुमचा एक घेऊ का?’ असे विचारले, तर आपण काय उत्तर देतो तिकडे लक्ष ठेवावे.