मेडिकलच्या बिलांत फ्लूची साथ दिसते का? एका जुन्या पेपरबद्दल

साथरोगांवर रिसर्च करू इच्छिणाऱ्यांपैकी बरेच जण एक कल्पना घेऊन येतात. माणूस आजारी पडला की आधी मेडिकलमध्ये जातो, मग डॉक्टरकडे, आणि फारच वाढलं तर हॉस्पिटलमध्ये. मग मेडिकलच्या विक्रीचे आकडे रोजच्या रोज मिळाले तर फ्लूची साथ आधीच कळेल की! कल्पना चांगली आहे, पण नवी नाही. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठातल्या गटाने दुकानांच्या बारकोड नोंदींवर चालणारी देशव्यापी यंत्रणा २००३ च्या सुमारास उभी केली होती. त्याच गटातल्या होगन, वॅगनर आणि सहकाऱ्यांचा २००३ चा एक पेपर आज वाचू. प्रपोजल लिहिण्याआधी तो वाचाच, पण पेन हातात घेऊन.

त्यांनी मुलांना आजारपणात देतात ती इलेक्ट्रोलाइटची पेयं घेतली (आपल्या ओआरएसची चुलत भावंडं). तीन राज्यांतले सहा शहरी भाग, काळ १९९८ ते २००१. विक्रीची तुलना केली ती मुलांमधल्या श्वसनाच्या आणि जुलाबाच्या आजारांच्या हॉस्पिटलमधल्या निदानांशी. निकाल असा: सहसंबंध ०.९०, आणि विक्री निदानांच्या १.७ आठवडे पुढे. धोक्याची घंटा वाजवणारी पद्धत लावली तर १८ साथी विक्रीतून सरासरी २.४ आठवडे आधी दिसल्या.

०.९० बघितलं की आपण हुरळतो. पण थांबा. हिवाळ्यात मुलं आजारी पडतात, आणि हिवाळ्यात ही पेयं खपतात. दर वर्षी एकाच ऋतूत वर जाणाऱ्या कुठल्याही दोन रेषा घ्या, सहसंबंध चांगलाच येणार. स्वेटरच्या विक्रीचाही येईल! आरोग्य खात्याला हिवाळा आला हे कळायला यंत्रणा नको असते. त्यांचा प्रश्न असतो की यंदाची साथ नेहमीपेक्षा लवकर आली का, मोठी आहे का. म्हणजे आधी दोन्ही मालिकांमधून ऋतूचा भाग काढायचा आणि उरलेले चढउतार जुळतात का ते बघायचं. माझ्या मते खरी परीक्षा ती आहे, आणि ०.९० हा आकडा त्या परीक्षेचा नाही.

आता २.४ आठवडे. त्याचा विश्वासांतराल आहे ०.१ ते ४.८. ०.१ आठवडा म्हणजे एक दिवससुद्धा नाही! १८ पैकी १२ साथी विक्रीत आधी दिसल्या, ४ निदानांत आधी, २ एकाच वेळी. बरोबरीतल्या दोन सोडल्या तर १६ पैकी १२. नाणं १६ वेळा उडवलं तर कुठल्या तरी एका बाजूला १२ किंवा जास्त कौल पडण्याची शक्यता साधारण ७.७ टक्के येते. हे गणित स्वतः करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. शिवाय या १८ साथी एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत, कारण या शहरांचे हिवाळे तेच तीन-चार. तेव्हा पुरावा दिसतो त्याहून पातळ आहे.

लेखकांच्या बाजूने एक सांगायला हवं. हे १२-४-२ त्यांनी लपवलेलं नाही, सारांशातच दिलंय. हल्लीच्या कितीतरी पेपरांत एवढं सरळ लिहिलेलं सापडत नाही. निष्कर्षातही त्यांनी ‘बहुधा आधी’ असंच म्हटलंय. पुढे ज्यांनी हा पेपर उद्धृत करताना फक्त २.४ उचललं, गडबड त्यांची.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. दुकानात विकली जाते ती वस्तू, आजार नव्हे. पेयाच्या बाटलीवरून मुलाला इन्फ्लुएंझा होता की रोटाव्हायरस, हे कळत नाही. सवलत लागली, वादळाच्या बातमीने लोकांनी साठा केला, तरी रेषा वरच जाते. जपानने यावर एक तोडगा काढला. २००९ च्या साथीपासून तिथे फार्मसींमधल्या फ्लूविरोधी औषधांच्या प्रिस्क्रिप्शनवर रोज नजर ठेवली जाते. तिथे अशी औषधं बहुतेकदा झटपट चाचणी करून देतात, त्यामुळे हा आकडा फ्लूचाच असण्याची खात्री बरीच जास्त. मात्र पेशंट तोवर डॉक्टरकडे जाऊन आलेला असतो, म्हणजे ‘डॉक्टरच्या आधी’ हा फायदा गेला. खात्री हवी की घाई, हे तुमच्या प्रपोजलच्या पहिल्याच पानावर ठरलेलं दिसायला हवं.

आणि हे मॉडेल उचलून इकडे लावायचं म्हणाल, तर पुण्यातला ऑगस्ट २००९ आठवा. स्वाइन फ्लूने शहर धास्तावलेलं, तपासणी केंद्रांसमोर रांगा. त्या वेळी ऑसेल्टामिविर खुल्या दुकानांत मिळत नव्हतं, सरकारी यंत्रणेकडूनच दिलं जात होतं. म्हणजे साथ शहरात पसरत असताना मेडिकलमधल्या विक्रीची रेषा शून्यावर! मास्कची रेषा मात्र आभाळाला, पण ती भीती मोजत होती. पुढे हे औषध निवडक दुकानांत शेड्यूल एक्सच्या कडक अटींवर आलं आणि २०१७ मध्ये शेड्यूल एच-१ मध्ये गेलं. त्यानंतर खप वाढलेला दिसला, तर त्यातला किती विषाणूचा आणि किती अधिसूचनेचा, हे नुसत्या विक्रीच्या तक्त्यावरून सांगता येणार नाही.