जात्याची घरघर कुठे गेली?

मैत्रिणीच्या आजी साताऱ्याहून ओव्या गात होत्या, आणि आमच्या कॉलच्या अ‍ॅपनं जात्याची घरघर गोंगाट समजून पुसून टाकली. मी अ‍ॅशबर्नमध्ये, डेटा सेंटरांच्या शेजारी. माझं नेट झकास, पण उपयोग काय? ओबीएस फुकट आहे, मुक्त आहे, तरी समोरच्याचा आवाज नेटवरून पोचतो तसाच टिपतं. रिव्हरसाइड, झेनकास्टर प्रत्येकाच्या यंत्रावर वेगळं रेकॉर्ड करून मग फाइल अपलोड करतात. माझं मत त्यांना. मात्र अपलोड संपेपर्यंत आजींना टॅब मिटू देऊ नका (नातवाला शेजारी बसवा!). झूमच वापरणार असाल तर 'ओरिजिनल साउंड' सुरू करा. चित्र जरा धूसर आलं तर चालेल, घरघर हवी. आजी पुन्हा गायला तयार आहेत, पण दिवाळीनंतर.